दमाने चढलेली उंची
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, होळकरकालीन माळवा, नाट्यसंगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या मागोमाग एका निवृत्त भूगोल-शिक्षिकेने ज्वालामुखी चढण्याच्या गोष्टी सांगाव्यात, हे काहींना थोडे चमत्कारिक वाटेल. कार्यवाहांनी मला विषय दिला होता 'प्रवासवर्णन'. तो मी त्यांच्या संमतीने किंचित बदलून घेतला आहे. शिखर कसे सर झाले हे मी थोडक्यातच सांगणार आहे. शिखराकडे जाताना शरीराला किती दिवस द्यावे लागतात आणि ते दिले नाहीत तर काय घडते, हे मात्र विस्ताराने सांगण्याचा विचार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरून कोणी ना कोणी केदारनाथ, अमरनाथ, लेह किंवा कैलास-मानससरोवर येथे जात असते. त्यामुळे हा विषय दिसतो तितका परका नाही.

ज्वालामुखीही आपल्याला परका नाही. इंदूर ज्या माळव्याच्या पठारावर वसले आहे ते पठार, आणि दक्षिणेकडे थेट सह्याद्रीपर्यंतचा प्रदेश, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. आपली काळी माती ही त्याच बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. परंतु आपला लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरला, म्हणून आपल्याकडे पठारे झाली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी निराळा प्रकार आहे. तेथे पॅसिफिक महासागराखालचे नाझ्का भूपट्ट खंडाखाली सरकत असते. त्या घर्षणाच्या प्रदेशातून वर येणारा लाव्हा दाट असतो. तो लांब वाहत नाही, तोंडाशीच साचत जातो आणि त्यातून शंकूच्या आकाराचे उत्तुंग पर्वत उभे राहतात. शाळेत तीस वर्षे मी हा फरक फळ्यावर खडूने काढून दाखवला. तो डोळ्यांनी पाहावा या इच्छेने २०१९ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी इक्वेडोर या देशात गेले.

इक्वेडोर म्हणजे विषुववृत्त, आणि देशाला नावही त्याचेच मिळाले आहे. या छोट्या देशाच्या मध्यातून अँडीज पर्वताच्या दोन समांतर रांगा जातात आणि त्यांच्यामधल्या उंच खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना ज्वालामुखी ओळीने उभे आहेत. कोटोपाक्सी ५,८९७ मीटर, कायांबे ५,७९० मीटर आणि सर्वांत उंच चिंबोराझो ६,२६३ मीटर. तुलनेसाठी सांगते, मध्य प्रदेशातील सर्वांत उंच ठिकाण असलेले पचमढीचे धूपगड सुमारे १,३५० मीटर आहे आणि महाराष्ट्राचे कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे धूपगडासारखी चार शिखरे एकावर एक रचली तरी ती कोटोपाक्सीच्या माथ्याला पोहोचत नाहीत.

पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आणि विषुववृत्ताशी फुगीर आहे. त्यामुळे समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट सर्वांत उंच ठरते, पण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर चिंबोराझोचा माथा सर्वांत दूर, एव्हरेस्टहूनही दोन किलोमीटरांपेक्षा अधिक दूर आहे. ही गोष्ट सांगितली की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करीत.

आता उंचीच्या दुखण्याकडे वळते. या दुखण्याचा इतिहास आणि अँडीजचा इतिहास हातात हात घालून चालतात. १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात होसे दे अकोस्टा या येशूसंघीय धर्मोपदेशकाने पेरूमधील एक खिंड ओलांडताना झालेल्या भयंकर मळमळीचे आणि ओकाऱ्यांचे वर्णन केले, आणि तेथील हवा माणसाच्या श्वासोच्छ्वासाला पुरेशी नाही असा तर्क मांडला. पुढे २३ जून १८०२ रोजी जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आपल्या सोबत्यांसह चिंबोराझोवर चढला. त्या काळी चिंबोराझो हाच जगातील सर्वोच्च पर्वत समजला जात असे. हिरड्यांतून रक्त येत होते, डोळे लाल झाले होते, पोट ढवळत होते. अखेर वाटेत आडव्या आलेल्या एका खोल दरीमुळे त्यांना परतावे लागले.

या त्रासाचे खरे कारण सिद्ध व्हायला आणखी पाऊण शतक लागले. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचावरही तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू कमी पडतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने हवेचा दाब कमी-जास्त करता येईल अशा बंद कोठडीत प्रयोग केले, काही प्रयोगांत तो स्वतः आत बसला, आणि १८७८ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्याआधी तीन वर्षे, १५ एप्रिल १८७५ रोजी, 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक काही तासांत सुमारे आठ हजार मीटरवर गेले होते. त्यांतील क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मृत्यू पावले. एकटा तिसांदिए जिवंत खाली आला. त्याच उंचीच्या पलीकडे एव्हरेस्टवर आज काही माणसे कृत्रिम प्राणवायूशिवाय पायी जाऊन येतात. बलूनमधील माणसे काही तासांत वर पोहोचली आणि पायी जाणारी माणसे कित्येक आठवड्यांनी पोहोचतात, एवढाच काय तो भेद. पण जगणे आणि मरणे त्याच भेदावर अवलंबून आहे.

याची सर्वांत बोलकी साक्ष एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाची आहे. १८६५ मध्ये मॅटरहॉर्न प्रथम सर करणारा तो हाच. त्याच मॅटरहॉर्नवरचा त्याचा इटालियन प्रतिस्पर्धी झाँ-अँत्वान कारेल आणि कारेलचा आप्त लुई यांना सोबत घेऊन १८७९ च्या अखेरीस तो चिंबोराझोवर आला. आल्प्स पर्वतात मुरलेली ही तीन माणसे होती. पण सुमारे पाच हजार मीटरवरील दुसऱ्या तळावर पोहोचून तास उलटतो न उलटतो तोच तिघेही आडवे झाले. डोके फुटेल असे दुखत होते, अंगात ज्वर होता आणि तोंड उघडे ठेवल्यावाचून श्वास घेता येत नव्हता. गंमत अशी की त्यांच्याबरोबर असलेल्या, गिर्यारोहक नसलेल्या माणसाला त्या मानाने थोडकाच त्रास झाला. काही दिवसांनी त्रास ओसरला आणि ४ जानेवारी १८८० रोजी व्हिंपर आणि दोघे कारेल चिंबोराझोच्या माथ्यावर उभे राहिले. त्यानंतर फेब्रुवारीत व्हिंपर कोटोपाक्सीवर गेला, तेथे विवराच्या काठाजवळ तंबू ठोकून त्याने रात्र काढली आणि माथ्यावर एकूण २६ तास मुक्काम केला. पाच हजार मीटरवर अंथरूण धरणारा माणूस सात-आठ आठवड्यांनी जवळजवळ सहा हजार मीटरवर रात्र काढू शकला. तेवढ्या अवधीत त्याचे स्नायू काही दुप्पट झाले नव्हते. बदल झाला होता तो शरीराच्या आतल्या व्यवहारात.

तो बदल काय असतो हे साध्या शब्दांत सांगते. विरळ हवेत गेल्याबरोबर श्वास जलद आणि खोल होतो. त्यामुळे कर्बवायू जास्त बाहेर टाकला जातो आणि रक्ताची आम्लता घटते. तेवढ्यावरून मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालू लागतो. हा पेच मूत्रपिंडे सोडवतात. ती जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्ताचा तोल सांभाळतात, मग श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढण्याची आज्ञा काही तासांत सुटते, पण त्या प्रत्यक्ष पुरेशा वाढायला आठवडे लागतात. मराठीत 'दम' हा शब्द श्वास या अर्थी येतो आणि धीर या अर्थीही. दम लागला की आपण धापा टाकतो आणि दम धरला की वाट पाहतो. अँडीजमध्ये मला वाटले, आपल्या पूर्वजांनी या शब्दात सारे शरीरशास्त्रच भरून ठेवले आहे. ज्याला दम धरता येतो त्याला दम कमी लागतो!

आमच्या सहलीचा आराखडा याच तत्त्वावर बेतलेला होता. आम्ही सहा भारतीय होतो आणि सोबत तीन स्थानिक, प्रमाणपत्रधारक मार्गदर्शक. इक्वेडोरमध्ये हिमाच्छादित शिखरांवर अशा मार्गदर्शकाविना सोडत नाहीत. पंधरा दिवसांत कोटोपाक्सीची चढाई प्रत्यक्षात एकाच रात्रीची होती, बाकीचे दिवस तिच्या तयारीचे. पहिले दोन दिवस राजधानी किटोत गेले. हे शहरच सुमारे २,८५० मीटरवर आहे. तेथे जिने चढतानाही थांबावे लागे. आम्हाला काम एकच, गावात संथपणे हिंडणे आणि भरपूर पाणी पिणे. तिसऱ्या दिवशी पासोचोआ हा ४,२०० मीटरचा विझलेला ज्वालामुखी चढलो आणि झोपायला किटोत परत आलो. चौथ्या दिवशी रोपवेने चार हजार मीटरच्या आसपास जाऊन तेथून रुकू पिचिंचा, सुमारे ४,७०० मीटर, आणि पुन्हा झोपायला खाली. दिवसा उंच चढावे, रात्री खाली येऊन निजावे, हा गिर्यारोहकांचा जुना नेम आहे. चढताना शरीराला अडचणीची ओळख होते आणि खाली झोपल्यावर दुरुस्तीला सवड मिळते.

पाचवा दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी आमच्यातील तरुण मंडळी कुरकुरली. इतके पैसे खर्चून पृथ्वीच्या पाठीमागे आल्यावर एक दिवस खाटेवर का घालवायचा? मुख्य मार्गदर्शक हसून स्पॅनिशमध्ये म्हणत, "पोको आ पोको", म्हणजे थोडे थोडे. पुढे आम्ही ३,३५० मीटरच्या आसपास मुक्काम हलवला, तेथून ५,१२६ मीटरचे इलिनिझा नोर्ते चढून खाली आलो, पुन्हा एक दिवस विसावलो आणि मग कोटोपाक्सीच्या पायथ्याशी ३,७५० मीटरवर गेलो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला आहे. आमच्या आराखड्यात तो शेवटच्या रात्रीपर्यंत पाळला गेला.

मार्गदर्शक या माणसाविषयी थोडे सांगायला हवे. आपली समजूत अशी की वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा. वाट तर पायांच्या खुणांनीही दिसते. हा माणूस सारा वेळ आमच्याकडे पाहत असे. सकाळी पहिला प्रश्न, झोप लागली का? दुसरा, डोके दुखते का? जेवताना कोणाच्या ताटात काय उरले यावर त्याचे लक्ष असे. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेले, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ते छोटे यंत्र मी प्रथम त्याच्या हाती पाहिले. पण त्याचा भरवसा आकड्यापेक्षा भुकेवर अधिक होता. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर आणि अवाजवी थकवा ही उंचीच्या दुखण्याची पहिली लक्षणे. एवढ्यावर थांबले आणि माणूस तेथेच राहिला तर बहुधा एक-दोन दिवसांत उतार पडतो. पण लक्षणे असताना वर जात राहिले तर मेंदूला सूज येऊ शकते, मग माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. किंवा फुप्फुसांत पाणी साठते, मग बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो. हे दोन्ही विकार काही तासांत प्राण घेतात. औषधे आहेत, प्राणवायूची नळकांडी आहेत, पण खरा उपाय खाली उतरणे हाच.

कोटोपाक्सीवरचे निवारागृह ४,८६४ मीटरवर आहे. दुपारी हिमनदीच्या कडेला बर्फात पाय कसा रोवायचा, बुटांना बांधायचे काटेरी क्रँपॉन कसे वापरायचे, घसरल्यास बर्फकुऱ्हाड कशी रुतवायची याचा सराव झाला. संध्याकाळी लोक्रो, म्हणजे बटाटा आणि चीज घातलेले दाट सार, मिळाले. रात्री साडेअकराला निघायचे होते. रात्रीच का, तर थंडीने बर्फ घट्ट असतो. ऊन चढले की तो मऊ होतो, हिमभेगांवरचे बर्फाचे पूल ढासळतात आणि दगड सुटतात. एका दोरावर एक मार्गदर्शक आणि दोन चढणारे, असे आमचे तीन दोर झाले.

आमच्यात पुण्याचा एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता. मॅरेथॉन धावणारा, आमच्यात सर्वांत दणकट. तो बडोद्याच्या एका पन्नाशीच्या बाईंच्या दोरावर होता. बाईंची चाल अगदी संथ, पण अखंड. सुमारे ५,३०० मीटरवर मुलाचा पाय दोनदा अडखळला. मार्गदर्शकाने दोर थांबवला, जरा सपाट जागा पाहून त्याला एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. त्याला ते जमेना. तेव्हा उलगडले की दुपारपासून त्याचे डोके दुखत होते आणि रात्रीचे सार त्याने कोणी न पाहता ओतून टाकले होते. मार्गदर्शकाने चर्चा केली नाही. तो दोर तेथूनच खाली वळला.

आता एका दोरावर तिघे असतात, आणि हिमनदीवर कोणालाही एकटे ठेवता येत नाही. आमचे दोन दोर बरेच पुढे गेले होते. त्यामुळे बाईंनाही उतरावे लागले. त्यांची प्रकृती उत्तम होती. दोन वर्षे त्यांनी या रात्रीसाठी तयारी केली होती, त्यासाठी पै पै साठवली होती. निवारागृहात पोहोचेपर्यंत मुलगा बराच सावरला आणि गाडीने आणखी खाली गेल्यावर पूर्ण बरा झाला. "काकू, माझ्यामुळे तुमचे शिखर गेले," असे म्हणून तो रडू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे बाळा, शिखराचे राहू दे. आता तरी पोटभर जेवलास का?" हे मी दुपारी खाली आल्यावर त्यांच्याच तोंडून ऐकले. उंचीवर लपवलेली डोकेदुखी एकट्याची राहत नाही, ती त्या दोरावरच्या सगळ्यांची होते. दुखणे सांगणे यात तेथे कमीपणा नाही, ते सोबत्यांचे देणे आहे.

माथ्याविषयी थोडक्यात. दर मिनिटाला मोजकी पावले, प्रत्येक पावलाला एक श्वास, असे करत सकाळी पावणेसातला आम्ही चौघे पोहोचलो. पायांखाली पाऊण किलोमीटर रुंदीचे विवर, नाकात गंधकाचा वास, आणि दूर ढगांच्या वर चिंबोराझोचा घुमट. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही थोडा कमी असतो. वीस मिनिटे थांबलो आणि उन्हाच्या आधी उतरायला लागलो. हा पर्वत झोपलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१५ मध्ये तो जागा झाला आणि ऑक्टोबर २०१७ पर्यंत चढाई बंद राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने पुन्हा राख उधळली आणि पुन्हा वाट बंद झाली. आम्ही गेलो ते मधल्या उघडिपीत.

चिंबोराझोवर आमच्यातले तिघे गेले आणि वाऱ्यामुळे व सुटणाऱ्या दगडांमुळे मार्गदर्शकांनी त्यांना ५,६०० मीटरच्या आसपासून परत आणले. मी निवारागृहापर्यंतच गेले. तेथे मृत गिर्यारोहकांच्या स्मृतिशिला आहेत. १९९३ मध्ये या पर्वतावर एकाच हिमलोटात दहा जण गेले होते. याच पर्वताच्या अंगावरून बर्फाचे ठोकळे कापून, गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून रिओबांबाच्या बाजारात विकण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. त्यातले शेवटचे म्हणून ओळखले जाणारे बाल्तासार उश्का २०२४ मध्ये निवर्तले. आम्ही ज्या उंचीचे सोहळे करतो, ती त्यांची नेहमीच्या कामाची जागा होती. पण ते जन्मापासून त्या पर्वताच्या कुशीत राहिलेले होते, आणि आपण परवापर्यंत इंदुरात, साडेपाचशे मीटरवर.

आता आपल्याकडे येते. १९६२ च्या युद्धकाळात मैदानी प्रदेशांतील आपले सैनिक घाईघाईने हिमालयात पोहोचवावे लागले आणि अनेकांना या दुखण्याने ग्रासले. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी या भारतीय लष्करी डॉक्टरांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला शोधनिबंध १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. तो आजही या विषयातील पायाभूत मानला जातो. म्हणजे हे ज्ञान आपल्या जवानांनी फार मोठी किंमत देऊन मिळवलेले आहे. तरीही आपण विमानाने एका सकाळी ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरवरची खिंड पाहायला निघतो. केदारनाथला हेलिकॉप्टरने काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर पोहोचतो. कैलास परिक्रमेत डोल्मा खिंड ५,६०० मीटरच्या वर आहे. तेथे जाणाऱ्यांत साठी ओलांडलेली माणसे कितीतरी असतात, आणि श्रद्धेपोटी ती आपले दुखणे सांगत नाहीत.

म्हणून हात जोडून विनंती करते. यात्रेचा कार्यक्रम आखताना त्यात दोन मोकळे दिवस आवर्जून लिहा, आणि प्रवासी कंपनी ते गाळत असेल तर दुसरी शोधा. पहिल्या दोन दिवसांत उंचीवर हिंडूफिरू नका, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. हृदयविकार, फुप्फुसांचे विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण ते सर्वांना चालत नाही, तेव्हा तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. डोके दुखत असताना वर चढू नका. लक्षणे वाढू लागली तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरा. आणि घरातली तरुण, धट्टीकट्टी माणसे या नियमातून सुटतात असे समजू नका. पायांतले बळ आणि उंचीची सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बडोद्याच्या त्या बाई कोटोपाक्सीची वाट पुन्हा उघडण्याची प्रतीक्षा करीत राहिल्या. परत कधी जाणार, असे विचारले की त्या म्हणत, पर्वत बोलावील तेव्हा, आणि पुन्हा पंधरा दिवसच घेऊन. दम धरलेल्या माणसाचे हे उत्तर आहे.